व्याह्यांना दिलेला माइक

परवा सेमीफायनलला मी आयुष्यात पहिल्यांदा ‘गोल’ म्हणून ओरडलो, आणि तो गोल आमच्यावरच झालेला होता.

हाफटाइमनंतर दोन्ही टीम बाजू बदलतात हे फुटबॉल बघणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही आहे. पण त्या दिवशी माझं लक्ष मैदानात नव्हतं. ते होतं मैदानाच्या कडेला, कनातीखाली मांडलेल्या टेबलाकडे. तिथे एक गृहस्थ माइक हातात धरून बोलत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे अशा नजरेनं बघत होतो, जशी मांजर दुसऱ्या मांजरीच्या वाटीकडे बघते. एवढ्यात तलावाकडच्या जाळीत बॉल शिरलेला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. पहिल्या हाफमध्ये ती जाळी समोरच्या टीमची, बीरगांवची होती. मी दोन्ही हात वर करून उठलो आणि ओरडलो. आजूबाजूला सगळी आमच्या उजाला क्लबची माणसं. सगळी बसलेली, तोंडं उतरलेली. उभा मी एकटा.

मागून कोणीतरी अगदी आदरानं विचारलं, “कस भैया, तुमन बीरगांव के हव का?”

मी खाली बसलो. पुढे आमच्या पोरांनी दोन गोल मारले, आपण फायनलला गेलो, म्हणून माझी आमच्या मोहल्ल्यात, बूढ़ापाऱ्यात, राहायची सोय राहिली. पण घरी परतताना तलावाच्या काठानं चालत होतो, तेव्हा मनात जिंकल्याचा आनंद कमी आणि दुसरंच काही जास्त होतं. त्या गृहस्थांनी बीरगांवच्या त्या गोलाचं वर्णनसुद्धा किती सुंदर केलं होतं, हे ते दुसरं.

ते गृहस्थ म्हणजे मनोहरराव. माझे व्याही. आणि तो माइक म्हणजे माझा माइक.

क्वार लागला की हे सगळं मला पुन्हा सुरुवातीपासून जाळायला लागतं. आपल्याकडे ज्याला आश्विन म्हणतात त्याला इथे क्वार म्हणतात, आणि माझ्यासारख्या नागपूरकडून येऊन दोन पिढ्या रायपुरात मुरलेल्या घरात दोन्ही शब्द चालतात. पाऊस गेलेला असतो पण त्यानं आपलं सामान नेलेलं नसतं. दुपारी ऊन असं पडतं की सदरा पाठीला चिकटून बसतो, आणि संध्याकाळी तलावावरून एक ओलसर, शेवाळी वास गल्लीत शिरतो. नाक्यानाक्यावर उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग लागतात. देवीच्या मांडवातून जसगीतं सुरू होतात. आणि आमच्या शाळेमागच्या मैदानावर, जिथे सगळा पावसाळा म्हशी बसून होत्या, तिथे चुन्याच्या रेघा पडतात.

म्हशी उठतात, पण त्यांचं डबकं राहतं. तलावाकडच्या गोलपुढे, थोडं डावीकडे. किती मुरूम टाका, दर क्वारात ते तिथेच उगवतं. बाहेरून आलेल्या टीमला ते दिसत नाही, कारण वर गवत असतं. आमच्या क्लबच्या इतिहासात जेवढे गोल खेळाडूंनी मारले, जवळजवळ तेवढेच त्या डबक्यानं मारलेत. मी कॉमेंट्री करायचो तेव्हा त्याला बारावा खेळाडू म्हणायचो.

मी कॉमेंट्री करायचो! हे वाक्य भूतकाळात लिहिताना पेनाला सुद्धा उचकी लागते.

माइक मला मिळाला तो एका स्कूटरमुळे. तेव्हा मी नवा नवा नोकरीला लागलेला, लग्न नुकतंच झालेलं. क्लबचे सेक्रेटरी साहू भैया स्वतःच कॉमेंट्री करत. एका मॅचला त्यांचा घसा बसला आणि नेमकी फाटकासमोर कोणीतरी स्कूटर लावून गेलेलं. रुग्णाला नेणारी गाडी नव्हे, चहावाल्याची गाडी अडली होती, म्हणजे प्रसंग गंभीर. साहू भैयांनी मला खूण केली, “भैया, थोडकन बोल दे.” मी माइकवर गेलो आणि म्हणालो, की ज्या सज्जनांची निळी स्कूटर आहे त्यांनी ती काढावी, आणि ते सज्जन आमचे मामेसासरे असतील तर त्यांनी आधी घरी फोन करावा, मामी तिकडे वाट बघून राहिल्या. मैदान हसलं. मामेसासरे खरंच निघाले. त्या दिवसापासून माइक माझा.

माझ्या कॉमेंट्रीत मॅच किती असायची, हा प्रश्न जाणकारांनी विचारू नये. बॉल आमच्याकडे असला की मी सांगायचो. नसला की मी इतर बातम्या द्यायचो. कोणाची चप्पल हरवली, कोणाच्या पोट्टीला नोकरी लागली, भनपुरीहून ट्रकमध्ये बसून कोण कोण मॅच बघायला आलं, शिंगाडेवाली कोणत्या बाजूला बसली. मराठी, हिंदी, छत्तीसगढ़ी, जो शब्द आधी हाताला लागेल तो. लोक हसायचे, लोक ओरडायचे, “भैया, मॅच बता मॅच!”

आणि एक खोड होती. समोरच्या टीमनं गोल केला की मी अगदी शांतपणे, दुकानदार सुटे पैसे देतो तसं सांगायचो, “बरं, एक गोल त्यांचा. चला, पुढे.” पण आमच्या पोरांनी गोल केला, की माझा गळा बंद. खरंच बंद. जसं बोराचं बी अडकावं. तोंड उघडं, माइक सुरू, आणि आवाज नाही. डोळ्यांत पाणी यायचं ते वेगळं, ते भोंग्यावर ऐकू येत नाही म्हणून बरं. भोंग्यातून नुसता सूं सूं वारा. मैदानावरचे लोक म्हणायचे, “लो, भैया के मशीन बंद होगे!” साहू भैयांनी शेवटी टेबलाशेजारी एक ढोलवालाच बसवला. भैया गप झाले की ढोल सुरू.

शोभा, म्हणजे माझी बायको, मैदानावर कधी आली नाही. आमचं घर तलावाच्या ह्या काठाला, मैदान त्या काठाला, आणि पाण्यावरून आवाज थेट तिच्या ओट्यापर्यंत जातो. “तुमचा भोंगा कुकरच्या शिटीत मिसळते,” म्हणायची. एवढंच. ती ऐकते असं मला कधी वाटलं नाही. मी घरी पोचलो की निकाल तिला ठाऊक असायचा आणि जिंकलो असलो तर कढईत शिरा असायचा. शेजारणी सांगत असतील, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. नवरे विचारत नाहीत.

आता तो क्वार, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या रश्मीचं लग्न झालं. मनोहरराव भिलाईकडे कारखान्यात होते, रिटायर झाले आणि मुलासुनेजवळ रायपुरात राहायला आले. माणूस उंच, कडक इस्त्रीचा, आणि बोलणं असं, की प्रत्येक वाक्याला सुरुवात, मध्य आणि शेवट. मी मुलीचा बाप. आजकाल हे कोणी मानत नाही म्हणतात. रश्मी तर मला स्पष्ट म्हणाली, “पापा, ये सब मान-वान बंद करो, अच्छा नहीं लगता.” पण माझ्या वडिलांनी त्यांच्या व्याह्यांसमोर कधी पाय लांब केले नव्हते, ते माझ्या गुडघ्यांत उतरलेलं आहे. व्याही आले की पंख्याखालची खुर्ची त्यांची. पहिला चहा त्यांचा. वांग्याच्या भाजीत मोठं वांगं त्यांचं. मी ते सगळं देत गेलो आणि देण्यात एक सुख असतं ते घेत गेलो.

त्या क्वारात मी त्यांना मोठ्या हौसेनं मॅच बघायला नेलं. कनातीत बसवलं, शिंगाडे सोलून दिले. हाफटाइमला साहू भैयांनी गळ्यात दुपट्टा घातला, नारळ दिला. आणि मी, मानपान कुठे कमी पडू नये म्हणून, माइक त्यांच्यापुढे धरला.

“व्याही, दोन शब्द बोला.”

जगात दोन शब्द म्हणून कोणी दोन शब्द बोललेलं नाही, हे मी विसरलो. समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी हे पाहिलंय, स्वतः केलंय. पण मला वाटलं, मनोहरराव म्हणतील ‘धन्यवाद, सुंदर आयोजन’ आणि परत देतील. रीतच तशी आहे. मान द्यायचा, घेणाऱ्यानं थोडा घ्यायचा आणि बाकीचा परत करायचा.

ते उभे राहिले. घसा साफ केला. तेवढ्यात दुसरा हाफ सुरू झाला. आणि ते मॅचबद्दल बोलायला लागले!

मैदान गप झालं. कोणता खेळाडू कुठे उभा आहे, का उभा आहे, बॉल आता कुठे जाईल. नंबर सात, नंबर दस, लेफ्ट आउट, राइट बॅक. बॉल खरंच तिकडे जायचा. त्याही दिवशी समोर बीरगांवच होतं; त्यांचे लोक आणि आमचे लोक सारखेच मान हलवायला लागले. मग गोल झाला आणि मनोहररावांनी तो शब्द असा काढला, ‘गोऽऽऽऽल’, की तो तलाव ओलांडून गेला, त्या काठाच्या भिंतीला लागला आणि परत आला तरी संपलेला नव्हता. मी शेजारी उभा होतो. हातात त्यांच्या शिंगाड्यांची सालं होती.

मॅच संपल्यावर साहू भैया धावत आले. “सर, अगले मैच में भी आप ही!” मनोहररावांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं बरं का, त्यांचा दोष काढणार नाही. “व्याह्यांची हरकत नसेल तर,” म्हणाले.

मी काय म्हणणार? मुलीचा बाप. “हरकत कशाची, तुमचंच आहे,” म्हणालो.

ते वाक्य आजतागायत माझ्या पोटात पचलेलं नाही.

तेव्हापासून दर क्वारात मी प्रेक्षक. जळणं हा मोठा बारीक धंदा आहे, त्याला लागणारं सामान कुठेही मिळतं. माइकला आता लाल स्पंजची टोपी आहे, माझ्या वेळी नव्हती. त्यांच्यासाठी वाटीत खडीसाखर-लवंग ठेवतात. मला साहू भैया पाणीसुद्धा हातपंपावर जाऊन प्यायला सांगत. मैदानावरचं तपकिरी कुत्रं वर्षानुवर्षं माझ्या टेबलाखाली झोपलं, ते आता त्यांच्या पायाशी झोपतं, आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवतं ती सुद्धा अर्धी. एकदा मॅच सुरू असताना लाइट गेली, भोंगा बंद पडला. मला आत कुठेतरी उकळी फुटली. पण सगळं मैदान “अरे रे रे!” म्हणालं. माझ्या वेळी लाइट गेली की टाळ्या वाजत.

मी त्यांची चूक शोधायचो. एखादा नंबर चुकावा, एखादा फाउल समजू नये. एका सीझनमध्ये एकदाच त्यांनी कॉर्नरला थ्रो म्हटलं, आणि पुढच्याच वाक्यात माफी मागून सुधारलं. त्या माफीवरसुद्धा टाळ्या पडल्या.

पण खरा घाव घरी बसला. मागच्या वर्षी मी ताटावर होतो, शोभा पोळी टाकत होती, म्हणाली, “व्याही चांगलं समजावून सांगतात बाई. ऑफसाइड का असते ते आता समजलं मले.”

“मी इतकी वर्षं सांगून राहिलो होतो ते?”

“तुम्ही ऑफसाइड केव्हा सांगितलं? तुम्ही तर निळ्या स्कूटरीचं सांगायचे.”

त्यात दुसरी गंमत. पूर्वी मी घरी आल्यावर तिनं कधी निकाल विचारला नाही. आता दर मॅचनंतर दार उघडता उघडता विचारते, “काय झालं आज? कोण जिंकलं?” सगळं भोंग्यावर ऐकायचं, तेही इतक्या शुद्ध कॉमेंट्रीत, आणि वर मलाच विचारायचं. मीठ चोळणं दुसरं काय असतं? मी सांगायचो, “व्याह्यांले विचार.” आमच्या घरात शिरा बंद झाला तो झालाच. जिंकलो तरी साधं वरण.

रात्री पडल्या पडल्या कधी वाटायचं, मी नेमका कशावर जळतोय? आवाजावर? तो तर माझा कधीच चांगला नव्हता. माइकवर? तो क्लबचा आहे, भोंगेवाल्याचा म्हणा. मग लक्षात यायचं, की मॅच चालू असताना गावात एका ठिकाणी माझी गरज आहे असं मला वाटायचं, ते ठिकाण गेलं. माझ्याशिवाय मॅच होते, बरी होते. चांगली होते! ह्यासारखं दुःख नाही. आणि ते सांगायचं कोणाला, तर सगळ्यात जवळचा, मॅचमधलं समजणारा, चहा पिता पिता नीट ऐकून घेणारा माणूस म्हणजे मनोहरराव.

काल फायनल झाली. समोर भनपुरीची टीम, सगळे दिवसा ट्रकांचं ओझं उतरवणारे, खांदे असे की आमची पोरं त्यांना लागून परत यायची. पूर्ण वेळ संपत आला तरी दोन्हीकडे शून्य. तलावावर उन्हाचा तांबडा पट्टा पडला होता, मांडवात आरतीची तयारी, आणि मी कनातीच्या दोरीला धरून उभा. आत जायचं नाही, असं ठरवलेलं. तेवढ्यात भोंग्यावर ऐकलं, “और अब आखिरी कुछ मिनट, मैं माइक देना चाहता हूँ उनको, जिन्होंने मुझे यहाँ बिठाया. हमारे समधी जी.”

लोकांनी वळून बघितलं. मला दरदरून घाम. साहू भैयांनी दंडाला धरून मला टेबलापर्यंत नेलं. मनोहररावांनी मैदानाकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी, अगदी ओटी भरावी तसा, माइक माझ्यापुढे धरला.

“घ्या व्याही. आता तुम्ही बोला.”

आता हे सांगायला हवं, की तीन वर्षं मी ह्याच क्षणाची वाट बघत होतो. स्वप्नात मी तो माइक हिसकावून घेतलेला आहे. पण प्रत्यक्षात माझ्या तोंडातून काय निघालं?

“छे छे, तुमच्याच हातात शोभते.”

“असं कसं? खुर्ची तुमची आहे.”

“नाही हो. एकदा दिलं ते दिलं. तुम्हीच.”

“तुम्ही घेतल्याशिवाय मी बसणार नाही बरं.”

“आणि तुम्ही उभे राहून मी बसू? घरी काय तोंड दाखवू? तुम्हीच घ्या.”

“थोडं तरी घ्या!”

“आग्रह नका करू. खरंच, तुम्ही...”

माइक आम्हा दोघांच्या मधोमध होता, सुरू होता, आणि सगळा बूढ़ापारा हे ऐकत होता. मी मैदानाकडे तोंड करून उभा, ते पाठ करून. आणि त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं, आमचा डोमन डाव्या बाजूनं निघालाय. सडपातळ पोरगा, दोन ट्रकवाल्यांच्या मधून असा निघाला, जसा दाराच्या फटीतून उंदीर. त्यानं बॉल गोलकडे मारलाच नाही. तो डबक्यात मारला. बॉल पाण्यात थबकला, त्यांचा गोलकीपर जिथे बॉल यायला हवा तिथे जाऊन पडला, आणि डोमननं चिखलासकट तो पायानं उचलून जाळीत टाकला.

“...तुम्ही...” म्हणता म्हणता माझा गळा बंद.

मैदान फुटलं. ढोलवाला आता नव्हता, त्याची गरज संपून तीन वर्षं झाली होती. भोंग्यातून नुसता सूं सूं वारा. जिंकून देणारा गोल झाला आणि माइकवर दोन कॉमेंटेटर असून तो कोणीच सांगितला नाही. मनोहररावांना वाटलं मला काही झालं. माइक तोंडाशी धरूनच त्यांनी घाबरून विचारलं, “काय झालं व्याही? बरं नाही वाटून राहिलं का? पाणी आणा रे कोणी!”

मी बोटानं मागे दाखवलं. ते वळले. बघितलं. पण आता ‘गोऽऽल’ म्हणायची वेळ निघून गेली होती, आणि ते शिस्तीचे गृहस्थ, शिळा गोल ते म्हणत नाहीत. त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि मला मिठी मारली. लग्नातल्या व्याहीभेटीपेक्षा जोरात. दोघांच्या सदऱ्यांना घाम. कुत्रं मध्ये येऊन भुंकलं, कोणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

नंतर कप, फोटो, गुलाल. साहू भैया येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून आमची नक्कल करत होते, “आप लीजिए... नहीं, आप लीजिए...” पोट्टे आडवे पडून हसत होते. पुढच्या वर्षी माइक कोणाचा, हे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. मनोहररावांनी खडीसाखरेची वाटी माझ्याकडे सरकवली. मी एक खडा घेतला. त्यांनीही एक घेतला.

तलावाच्या काठानं घरी आलो तेव्हा वाटत होतं, झालं तेवढं पुरे, आता गल्लीत तोंड लपवून शिरावं. दार उघडंच होतं. शोभानं निकाल विचारला नाही. मी हातपाय धुऊन आलो तर ताट मांडलेलं, आणि ताटात शिरा. वाफ निघत होती.

“ऐकलं असशील सगळं,” मी म्हणालो.

“ऐकलं नं. मले वाटलं मैदानात पंगत बसली, तुम्ही दोघं एकमेकांले जिलेबी वाढून राहिले.”

“नेमका तेव्हाच गोल झाला. भोंग्यावर सांगितलाच नाही कोणी.”

“सांगितला नं तुम्ही.” तिनं शिऱ्यावर अजून थोडं तूप सोडलं. “व्याही नंबर दस, नंबर दस करून जोरात ओरडतात, पण नंबर दस दोन्हीकडे असते. कोणाचा गोल झाला, मले काय समजते? तुम्ही बोलता बोलता गप झाले का समजते, आपला झाला.”